अस्सल प्रत

दात्याने हेडफोन कानांवरून ओरबाडून काढले आणि टेबलावर आपटले. मेणात अर्धवट कोरलेली दाढ त्या धक्क्याने घरंगळत खाली गेली आणि त्याच्याच खुर्चीच्या चाकाखाली चपटी झाली. पलीकडे भट्टीतून पोर्सिलेनचे दात बाहेर काढणाऱ्या सहकाऱ्याने एकदा मान वळवून पाहिलं आणि तो परत कामाला लागला. दातांच्या या लॅबमध्ये दात्याच्या रागाचं कुणाला नवल उरलं नव्हतं. दिवसभर लोकांसाठी दात घडवायचे आणि स्वतःचे रागाने खाऊन खाऊन निम्मे झिजवायचे, म्हणून तर त्याला दात्या हे नाव पडलं होतं. रात्री दात करकरू नयेत म्हणून त्याने स्वतःच्या मापाचं प्लास्टिकचं आवरण स्वतःच बनवलं होतं. तेही त्याने दोन महिन्यांत चावून आरपार केलं होतं.

"वाट लावली," तो स्वतःशीच म्हणाला. "वाट लावली हरामखोरांनी."

वाट लावली होती ‘खंदक’ या बँडने, आणि तीही स्वतःच्याच अल्बमची. ‘तळघर’ हा त्यांचा पहिला आणि शेवटचा अल्बम. दात्या शाळेत होता तेव्हा तो कॅसेटवर निघाला, जेमतेम काही प्रती खपल्या आणि बँड फुटला. आता इतक्या वर्षांनी त्यांच्या गिटारवाल्याला कुठल्या तरी माळ्यावर मूळ रिळं सापडली. ती साफसूफ करून त्याने अल्बम पुन्हा बाजारात आणला. दात्याने तो सकाळी पहिल्या तासाभरातच विकत घेतला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कसाबसा दम धरला. पहिल्या गाण्याच्या पहिल्या फटक्यालाच त्याची कानशिलं तापली. गाणं पळत होतं. वेग वाढवलेला, सूर वर चढवलेला, आणि ज्या आवाजासाठी तो आजवर कान लावून बसत आला तो गायकाचा आवाज आता कुणीतरी मागे लागल्यासारखा धापा टाकत होता.

एक्स्ट्रीम मेटल संगीताबद्दल दात्याची मतं पक्की होती आणि ती ऐकून घ्यायला लोक यायचे. दर शनिवारी दुपारी एका मैत्रिणीच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत काळे टीशर्ट घातलेली आठ-दहा डोकी जमायची. दात्या एकेक अल्बम लावून त्याचे वाभाडे काढायचा, आणि ते सगळं इंटरनेटवर जायचं. ‘कवटीफोड’चे पहिले दोन अल्बम बरे, तिसऱ्यात कीबोर्ड घुसला तिथे त्यांचं श्राद्ध उरकलं, असं तो म्हणे. ‘वखवख’चा ड्रमर वाजवत नाही, टाइप करतो. दोन पायांनी शिलाई मशीन चालवल्यासारखे ड्रम बडवणारे सगळे त्याच्या मते भित्रे. हातात काही नसलं की माणूस घाई करतो, हे त्याचं लाडकं वाक्य. ‘भेसूर’च्या गायकाने चौथ्या अल्बमात सरळ, स्वच्छ सुरात गायला सुरुवात केली तेव्हा दात्याने पाऊण तास त्याची अशी काही सालं काढली की समोरच्यांपैकी एकाने, बिचाऱ्याला तो अल्बम आवडला होता, पुन्हा तोंड दाखवलं नाही.

आणि हे सगळं मोजायची त्याची फूटपट्टी एकच होती, ती म्हणजे ‘तळघर’. संथ, खोल आणि थंडगार. त्यात घाई नाही, गयावया नाही, रडगाणं नाही. जगात जे काही वाईट आहे ते डोळ्याला डोळा भिडवून, सावकाश सांगणारा आवाज. नेटवर कुणीकुणी ‘तळघर’च्या प्रती चढवल्या होत्या, पण त्या सगळ्या चुकीच्या वेगाने उतरवलेल्या आहेत हे दात्याने दहा सेकंदांत ओळखलं होतं आणि पुढे ऐकायची तसदी घेतली नव्हती. अस्सल प्रत त्याच्याकडे होती. अस्सलवरून भरून घेतलेली कॅसेट, पण अस्सल.

त्याच दुपारी त्याने नेटवर जाहीर करून टाकलं: येत्या शनिवारी ‘खंदक’च्या या नव्या मालाला मी पुराव्यानिशी नागडं करणार आहे. खाली खुद्द गिटारवाल्याने नम्रपणे लिहिलं की वेग बदललेला नाही, कधी इकडे आलात तर रिळं दाखवीन. दात्याने त्याला जे उत्तर दिलं ते चारचौघांत वाचून दाखवण्यासारखं नव्हतं.

घरी येऊन त्याने बूटसुद्धा न काढता कपाट उघडलं आणि वरच्या खणात हात घातला. बायको पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तो कॅसेट शोधतोय हे तिच्या लक्षात आलं, पण त्यासाठी तिने आपलं बोलणं थांबवून ठेवलं नाही.

"मोठ्या भाऊजींचा आज परत फोन आला होता," ती म्हणाली.

दात्याचा हात खणातच थांबला. मग पुन्हा चाचपू लागला.

बायकोने घड्या घालता घालताच सगळं सांगितलं. घशाचं दुखणं वाढलंय. सोमवारी ऑपरेशन आहे, आणि डॉक्टर स्वरयंत्रच काढून टाकणार आहेत. जीव वाचेल म्हणतात, पण आवाज राहणार नाही. त्याआधी धाकट्याशी पाच मिनिटं बोलायचंय, एवढंच म्हणाले. तुम्हाला चार दिवस फोन लावताहेत, तुम्ही उचलत नाही, म्हणून माझ्या फोनवर केला. बोलताना त्यांना त्रास होत होता, मीच म्हटलं जास्त बोलू नका.

"बोला ना एकदा," ती म्हणाली. "सोमवारनंतर बोलायचं म्हटलं तरी नाही जमायचं."

दात्याला कॅसेट सापडली होती. त्याने ती तिच्यासमोर धरून हलवली.

"त्याला जे बोलायचं होतं ते तो बोलून गेलाय. हे बघ, इथे आहे. मला अजून काही ऐकायचं नाही."

हे मात्र खरं होतं. दादा त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. ‘खंदक’ त्यानेच पहिल्यांदा घरात आणला, एका मित्राची कॅसेट आणि मित्राचाच डेक उसना आणून. बाबांच्या टेपरेकॉर्डरला वायर जोडून त्याने ‘तळघर’ कोऱ्या कॅसेटवर भरलं आणि शेवटी जी थोडी फीत उरली त्यात धाकट्या भावासाठी चार वाक्यं बोलून ठेवली. ती कॅसेट धाकट्याच्या दप्तरात घातली आणि पहाटे घर सोडून गेला. सकाळी बाबांना कळलं तेव्हा त्यांनी आधी टेपरेकॉर्डर गॅलरीतून खाली फेकला आणि मग धाकट्याकडे वळले. तोवर बाबांचा पट्टा दोघांत वाटला जायचा. त्या दिवसापासून दादाच्या वाटणीचाही दात्यानेच खाल्ला. घरात टेप नव्हता, त्यामुळे दादा काय बोलून गेला ते त्याला पुढे काही महिन्यांनी, वर्गातल्या एका मुलाच्या वॉकमनवर ऐकायला मिळालं. खोल, शांत, सावकाश आवाजात दादा सांगत होता की मी चाललोय, रडायचं नाही, आईकडे बघ. साहेबाने हाताखालच्या माणसाला काम नेमून द्यावं तसं.

आईकडे बघ म्हणे! बघितलं की. आईच्या तोंडावर बाबांचा हात पडायचा तेव्हा मध्ये उभं राहून बघितलं, नंतर तिचं अंथरूण, तिची औषधं, शेवटी तिला बाथरूमला उचलून नेणं, सगळं बघितलं. दादा दूरच्या शहरात कारखान्यात लागला, त्याने लग्न केलं, घर केलं. बाबा गेले तेव्हा येऊन दोन दिवस राहिला, आणि त्या दोन दिवसांत दात्या त्याच्याशी अवाक्षर बोलला नाही. एवढ्या थंड डोक्याने जो माणूस निघून जाऊ शकतो त्याच्याशी काय बोलायचं? त्या आवाजाची त्याला चीडही होती, आणि तोच आवाज आपल्याला कधी जमला नाही याचाही राग होता.

"आवाज ऐकवत नाही हो त्यांचा," बायको म्हणाली. "तुमच्या त्या गाण्यांतल्या माणसांसारखा झालाय."

"ते लोक पोटातून काढतात आवाज," दात्या म्हणाला. "घशाशी काही संबंध नसतो."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच कळलं, आणि त्यामुळे तो जास्तच भडकला. कपाटाचं दार त्याने एवढ्या जोरात लावलं की वरची बॅग खाली आली. बायकोने बॅग उचलून जागेवर ठेवली. दादाचा नंबर तिने त्याला मेसेज करून ठेवला आणि ती राहिलेल्या घड्या घालायला बसली.

शनिवारी मंडळी जमायच्या बरीच आधी दात्या स्टुडिओत पोचला. स्टुडिओ म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, भिंतींना करड्या रंगाचा फोम, खिडकी कायमची बंद. रेकॉर्डिस्ट बाई त्याची कॉलेजातली मैत्रीण. त्याच्या तेव्हाच्या बँडमध्ये तिने वर्षभर ड्रम वाजवले होते, आणि मला म्हातारपणी ऐकू यायला हवंय असं सांगून सोडून दिले होते. आता ती औषधांच्या जाहिराती, शाळांची गीतं आणि बँकेच्या फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणणारे आवाज रेकॉर्ड करत असे. मेटल तिला आवडत नसे. दात्या आवडत असे, तोही शनिवारपुरता.

"आण तुझा पुरावा," ती म्हणाली.

तिने कॅसेट उलटसुलट करून बघितली, पेन्सिल घालून फीत ताणून घेतली, डेकचं हेड कापसाने पुसलं आणि मगच कॅसेट आत घातली. पाऊण तास ती कॉम्प्युटरवर उतरत राहिली. दात्या मागे येरझाऱ्या घालत बोलत होता. आजच्या पोरांना धीर नाही, त्यांच्यासाठी या म्हाताऱ्याने स्वतःचं पोर विकलंय. संथपणा पेलायला छाती लागते. गिटारवाला आता विमा विकतो, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा काय करायची? रेकॉर्डिस्ट अधूनमधून हं म्हणत होती, आणि ते हं त्याच्यासाठी आहे की पडद्यावरच्या रेघांसाठी हे कळायला मार्ग नव्हता.

तिने दोन्ही प्रती एकाखाली एक लावल्या. पहिल्या गाण्याची सुरुवात जुळवली, आणि शेवट आला तेव्हा कॅसेटमधलं गाणं बरंच मागे राहिलेलं दिसलं. दुसऱ्या गाण्याचंही तेच, तिसऱ्याचंही. फरक सगळीकडे अगदी सारखा.

"झालं सिद्ध!" दात्याने टेबलावर थाप मारली. "हेच दाखवायचं आज."

"फरक आहे एवढं सिद्ध झालं," ती म्हणाली. "कोण बरोबर ते नाही झालं."

दात्याची भुवई चढली. अस्सल त्याच्याकडे आहे हे त्याने तिला पुन्हा एकदा, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचा हात माऊसवर होता आणि ती कॅसेटच्या शेवटाकडे सरकत होती. शेवटचं गाणं संपलं. शांतता. मग खट् असा बटणाचा आवाज, आणि त्याच्यामागून एक माणूस बोलू लागला, भरदार, संथ. एकेक शब्द पायरी उतरावी तसा येत होता.

‘हे तुझ्यासाठी भरलंय. दोन्ही बाजूंना. बाबा घरात नसताना लाव. मी चाललोय. रडायचं नाही. आईकडे बघ.’

खट्.

"हे कोण?" तिने विचारलं.

"दादा."

इतक्या वर्षांच्या मैत्रीत दात्याला भाऊ आहे हे ती पहिल्यांदा ऐकत होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं. ती तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावत राहिली, डोळे मिटून. ती शब्द ऐकत नाहीये हे दात्याला कळत होतं. ती शब्दांच्या मागचं काहीतरी ऐकत होती.

"मागे घरघर ऐकू येतेय तुला?" ती म्हणाली. "मशीन विजेवर चालत होतं, म्हणून ती आलीय. विजेची घरघर नेहमी एकाच सुरात असते, दात्या. तुझ्या घरी, माझ्या घरी, तेव्हा आणि आत्ताही. मी रोज ती आवाजांतून काढून टाकते, झोपेतही ओळखीन. इथे ती खाली उतरलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्या मशीनवर हे भरलं ते जोरात पळत होतं. भरताना फीत जोरात पळाली, की दुसऱ्या मशीनवर ती संथ वाजते. गाणीही संथ होणार आणि सूरही खाली येणार. तू लहानपणापासून हे असंच ऐकत आलायस."

दात्या हसला. ते हसणं ऐकून दुसरा कुणी असता तर दोन पावलं मागे सरला असता. मग त्याचा तोल गेला. तुला मेटलमधलं काय कळतं, तू बँकेची बाई, घरघर घरघर करत बसलीयस, त्या गिटारवाल्याने तुला काही चारलंय का, इथपर्यंत त्याची मजल गेली. त्याची मान लाल झाली होती आणि जबड्याचा सांधा कटकट वाजत होता. ती खुर्चीत मागे रेलून त्याचं संपायची वाट बघत होती. संपलं तेव्हा तिने विचारलं, "मी घरघर जागेवर आणून दाखवू का? खोटी ठरले तर आज सगळ्यांसमोर मला शिव्या घाल."

"दाखव," तो म्हणाला. "दाखवच."

तिने कुठलासा आकडा बदलला आणि पहिलं गाणं पुन्हा लावलं, एका कानात कॅसेट, दुसऱ्या कानात नवी प्रत. फटका पडला तो एकच पडला. दुसरा, तिसरा, सगळे एकावर एक. गिटार गिटारवर बसली, गायकाची धाप धापेवर. दात्याने एक हेडफोन कानावरून किंचित सरकवला, मग दुसरा, मग दोन्ही परत दाबून धरले. काही केल्या फट सापडेना. चार घाबरलेली पोरं जिवाच्या आकांताने वाजवत होती, आणि ती पहिल्यापासून अशीच वाजवत आली होती. ज्या थंडपणापायी दात्याने एवढ्या बँडांची सालं काढली, तो या चौघांनी कधी वाजवलाच नव्हता. तो बाबांच्या टेपरेकॉर्डरमधून आला होता.

आता आठ-दहा जण येतील, त्यांना काय सांगायचं हे त्याच्या डोक्यात गरगरायला लागलं होतं. आणि तेवढ्यात गाणी सरकवत सरकवत तिने शेवट गाठला. वेग तोच, सुधारलेला. दात्याला काय येतंय ते उमगलं आणि त्याने हात पुढे केला.

"त्याला हात लावू नकोस," तो म्हणाला.

पण खट् झालं होतं.

हेडफोनमधून एक पोरगा बोलला. आवाज नुकता फुटलेला, बारीक, मध्येच किनरा होणारा. वाक्यं भराभर येत होती, कुणी उठेल या भीतीने एकमेकांवर आदळत होती. ‘हे तुझ्यासाठी भरलंय’ म्हणेपर्यंत त्याने दम धरला होता. ‘मी चाललोय’ला आवाज चिरला. पुढे इतक्या वर्षांत दात्याने कधीही न ऐकलेला नाक ओढल्याचा आवाज आला, जो संथ टेपवर श्वासासारखा वाटायचा. ‘रडायचं नाही’ हे त्याने कसंबसं ढकलून बाहेर काढलं, आणि ते धाकट्यासाठी होतं की स्वतःसाठी हे सांगता आलं नसतं. ‘आईकडे बघ’ संपतं न संपतं तोच बटण दाबलं गेलं.

दात्याचा पुढे केलेला हात तसाच राहिला होता. तो त्याने मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"हा दादा नाही," तो म्हणाला.

तिने माऊसवरचा हात काढून घेतला.

"रडतोय तो."

"हो."

दादाचं तेव्हाचं वय त्याला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? पाच वर्षांनी मोठा म्हणजे पाच वर्षांनी मोठा, हिशोब कुठे पळून गेला नव्हता. पण आजवर डोळे मिटले की दिसायचा तो दारातून शांतपणे बाहेर पडणारा एक पुरुष, ज्याला थांबता आलं असतं. या पोराला कुणी थांबवून घेतलं असतं तर तो दाराशीच मटकन खाली बसला असता. दात्याला भयंकर राग आला. कुणाचा ते ठरवता येईना. बाबांचा आला, त्या टेपरेकॉर्डरचा आला, इतके दिवस न उचललेल्या फोनचा आला. त्याने हेडफोन काढले, आणि या वेळी आपटले नाहीत.

"मंडळी आली तर काय सांगू?" तिने विचारलं.

"काहीही सांग," म्हणत तो बाहेर पडला.

जिन्याच्या वळणावर एक बंद खिडकी होती आणि तिच्या कट्ट्यावर कुणीतरी रंगाचे रिकामे डबे रचून ठेवले होते. तिथे उभं राहून दात्याने बायकोचा मेसेज उघडला आणि आकड्यांवर बोट टेकवलं. पलीकडे घंटा वाजायला लागली तसा तो मनातल्या मनात तयारीला लागला. दादाला सुनवायची वाक्यं त्याच्याकडे तयार होती. पट्ट्याचं एक होतं, आईच्या शेवटच्या दिवसांचं एक होतं, दोन दिवस राहून गेलास त्याचं एक होतं. घासूनपुसून त्याने ती लखलखीत ठेवली होती. पण ती सगळी त्या भरदार आवाजाच्या माणसासाठी बेतलेली होती, आणि आता त्यांतलं एकही कामाचं वाटेना.

"कोण?" पलीकडून आवाज आला. आवाज म्हणजे नुसती हवा, खरवडत बाहेर येणारी.

"मी."

पलीकडे फोन एका कानावरून दुसऱ्या कानाकडे नेल्याची खसखस झाली.

"धाकट्या?"

दात्याने हो म्हटलं. दादा काहीतरी सांगू पाहत होता. बरं झालं, फोन केलास, असं काहीसं. पण दात्या मध्येच बोलला. जे बोलला ते त्याने आजवर कुणालाच विचारलं नव्हतं. बायकोलाही नाही, आईलाही नाही.

"मला का नाही नेलंस?"

खालून जिन्यावर पावलं वाजली. काळे टीशर्ट घातलेले दोघं-तिघं हसत वर येत होते. त्यांतल्या एकाने दात्याला पाहून मूठ वर केली आणि आज फाडायचं ना, असं खुणेनेच विचारलं. दात्याने त्यांच्याकडे पाठ केली आणि भिंतीला कपाळ टेकवलं. ते गुपचूप बाजूने वर निघून गेले.

"झोपला होतास," दादा म्हणाला.

"मग उठवायचं."

दादाला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत दात्या फोन कानाशी घट्ट धरून उभा राहिला.

"उठवलं असतं तर तू आला असतास," दादा म्हणाला. एकेक शब्दाला त्याला थांबावं लागत होतं. "आणि मलाच ठाऊक नव्हतं कुठे जायचं ते."

दात्याचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. ते सोडवून बोलायला त्याला वेळ लागला, आणि बोलला तेव्हा त्याच्या आवाजात रागच होता.

"उठवायचं होतंस," तो म्हणाला. "उठवायचं होतंस रे, दादा."